मुलांच्या प्लीहेत डाग दिसल्यास: सोनोग्राफीपासून निदानापर्यंतचा मार्ग

ताप, पोटदुखी किंवा रक्तक्षय अशा एखाद्या कारणासाठी गोव्यात म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथे मुलाच्या पोटाची सोनोग्राफी होते, प्लीहेत म्हणजे पाणथरीत एखादा डाग दिसतो आणि अहवालाच्या शेवटी ‘सीटी स्कॅन करून पडताळून पाहावे’ ही ओळ जवळजवळ सवयीने लिहिली जाते. त्या ओळीच्या आधी काय काय करता येते आणि ती ओळ नेमकी केव्हा लिहावी, याचा हा तपशीलवार विचार आहे. तो मुख्यतः जिल्हा व तालुका पातळीवर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसाठी, बालरोगतज्ज्ञांसाठी आणि रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे; परंतु हातात अहवाल घेऊन बसलेल्या पालकांनाही त्यातील बराचसा भाग समजावा, असा प्रयत्न केला आहे.

प्लीहेतील विकृतीचे चित्र एकट्याने रोगाचे नाव क्वचितच सांगते. क्षयरोगाच्या बारीक गाठी, बुरशीची सूक्ष्म गळवे आणि लिम्फोमाच्या (लसिका ऊतींच्या कर्करोगाच्या) गाठी पडद्यावर इतक्या सारख्या दिसू शकतात की केवळ प्रतिमेवरून त्यांत भेद करू पाहणे हा जुगार ठरतो. मुलाचे वय, तापाचा काळ, रक्ततपासणी आणि पोटातील इतर अवयवांची स्थिती या चार गोष्टी प्रतिमेला जोडल्या की बहुतेक वेळा शक्यता दोन-तीनवर येतात. अधिक महागडे यंत्र या चार गोष्टींची जागा घेऊ शकत नाही.

प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा शरीरावर टेकवायचा भाग) हाती घेण्यापूर्वी

मुलाला कधी मार लागला होता का, हा पहिला प्रश्न. गोव्यात काजू-आंब्याच्या झाडावरून पडणे, दुचाकीच्या पुढच्या भागात उभे असताना झालेला अपघात किंवा फुटबॉल खेळताना डाव्या बरगडीखाली बसलेला गुडघा यांची आठवण पालकांना विचारल्याशिवाय होत नाही, कारण घटना काही आठवड्यांपूर्वीची असते आणि मूल त्यानंतर शाळेतही गेलेले असते. दुसरा प्रश्न तापाचा: किती दिवस, थंडी वाजून की संथ, वजन घटले का, घरात क्षयरोगाचा रुग्ण आहे का, मांजर आहे का. तिसरा प्रश्न औषधांचा: केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा वारंवार रक्त देण्याची गरज.

चौथा प्रश्न मूळ गावाचा, आणि तो गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. बांधकामावर, मासेमारीच्या बोटींवर आणि हॉटेलांत काम करणारी अनेक कुटुंबे ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, बिहार येथून आलेली असतात. ओडिशा-छत्तीसगडच्या पट्ट्यात सिकलसेल (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक) आजार आढळतो, तर बिहार-झारखंडमध्ये काळा आजार (प्लीहा वाढवणारा परजीवी संसर्ग). सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आक्रसून जाते, असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. परंतु भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुष्कळदा जास्त राहत असल्याने मोठ्या मुलातही प्लीहा वाढलेली सापडते. त्यामुळे ‘प्लीहा मोठी आहे, म्हणजे सिकलसेल नव्हे’ हा तर्क आपल्याकडे करू नये.

सोनोग्राफीला बसण्यापूर्वी रक्ताची पूर्ण गणना आणि स्मिअरचा (काचेवर पसरून तपासलेल्या रक्ताचा) अहवाल समोर असावा. पांढऱ्या पेशी अत्यंत कमी आहेत की भरमसाट वाढल्या आहेत, प्लेटलेट घटल्या आहेत का, मलेरियाचे परजीवी दिसले का, हे आधी कळले तर डोळा काय शोधायचे ते ठरवून शोधतो.

सोनोग्राफी: दोन प्रोब लागतातच

केवळ प्लीहेसाठी उपाशीपोटी असण्याची गरज नाही. पूर्ण पोट पाहायचे असल्यास मोठ्या मुलाला ३ ते ४ तास उपाशी ठेवले तरी पुरते, आणि तान्ह्या बाळाला तर दूध पाजता पाजता आईच्या मांडीवरच तपासावे. जेल कोमट असावे. मूल रडू लागले की तपासणीचा निम्मा दर्जा जातो, म्हणून सुरुवातीची दोन मिनिटे मुलाला यंत्राची ओळख करून देण्यात गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

मुलाला प्रथम उताणे झोपवावे, नंतर उजव्या कुशीवर वळवावे आणि डावा हात डोक्यावर घ्यायला सांगावे, म्हणजे बरगड्यांमधील जागा रुंदावते. प्रोब काखेच्या मागच्या रेषेवर, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या दरम्यान, बरगड्यांना समांतर ठेवावा. येथे एक चूक सर्रास होते: यकृतासाठी सांगतो तसे ‘खोल श्वास घे आणि थांबव’ असे सांगितले जाते, आणि फुप्फुस खाली येऊन प्लीहेचा वरचा भाग झाकून टाकते. प्लीहेसाठी संथ श्वास किंवा श्वास सोडलेली अवस्था अधिक उपयोगी पडते. वरच्या टोकाशी असलेला डाग याच कारणाने सुटतो.

वक्र प्रोबने संपूर्ण अवयव पाहून झाल्यावर उच्च वारंवारतेचा लिनियर (सरळ तोंडाचा) प्रोब घ्यावा. मुलांची प्लीहा त्वचेपासून जवळ असते, त्यामुळे ७ ते १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा प्रोब येथे उत्तम चालतो, आणि २ ते ५ मिलिमीटरची गळवे किंवा ग्रॅन्युलोमा (दाहाच्या बारीक गाठी) त्यानेच दिसतात. तापाच्या मुलात वक्र प्रोबवर ‘प्लीहा थोडी मोठी, बाकी सामान्य’ असे दिसत असताना लिनियर प्रोबवर तीत डझनभर बारीक काळसर ठिपके निघू शकतात. दीर्घकाळ तापाच्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या मुलात लिनियर प्रोब न लावता दिलेला ‘सामान्य’ अहवाल मी अपुरा मानतो.

डॉपलरची (सोनोग्राफीत रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोयीची) मांडणी कमी वेगाच्या प्रवाहासाठी बदलून घ्यावी, म्हणजे वेगाची पट्टी आणि वॉल फिल्टर (मंद प्रवाहाचे संकेत गाळून टाकणारी मर्यादा) दोन्ही खाली आणावेत. अन्यथा रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठही निःप्रवाह दिसते. प्लीहेची शीर, तिच्यातील प्रवाहाची दिशा आणि यकृताच्या दारातील पोर्टल शीर (आतडी व प्लीहेचे रक्त यकृतात नेणारी) पाहिल्याशिवाय प्रोब खाली ठेवू नये. आणि तीव्र मलेरियाचे किंवा संसर्गाने एकदम फुगलेल्या प्लीहेचे मूल असेल तर प्रोबचा दाब अगदी हलका ठेवावा, कारण अशी प्लीहा नाजूक असते आणि क्वचित ती आपोआपही फाटते.

आकार मोजताना हायलममधून (प्लीहेत रक्तवाहिन्या शिरतात त्या जागेतून) जाणाऱ्या कोरोनल (शरीराचे पुढचा व मागचा असे भाग करणाऱ्या) छेदातील सर्वाधिक लांबी घ्यावी. १९९१ पासून प्रचारात असलेल्या एका सोप्या तक्त्यानुसार वरची मर्यादा ३ महिन्यांच्या बाळात ६ सेंटिमीटर, १ वर्षाला ७, २ वर्षांना ८, ४ वर्षांना ९, ६ वर्षांना ९.५, ८ वर्षांना १०, १० वर्षांना ११ आणि १२ वर्षांना ११.५ सेंटिमीटर धरतात. १५ वर्षांनंतर मुलींत १२ आणि मुलांत १३. तक्ता हाताशी नसल्यास डाव्या मूत्रपिंडाच्या लांबीशी तुलना करावी: प्लीहा त्याच्या सव्वापटीहून लांब असेल तर ती वाढलेली समजावी. मूत्रपिंड स्वतः लहान किंवा सुजलेले नाही ना, हे अर्थात आधी पाहावे.

खरा डाग की भास

लिनियर प्रोबच्या आग्रहाची दुसरी बाजूही आहे. लहान मुलांच्या सामान्य प्लीहेत, विशेषतः वयाच्या पहिल्या काही वर्षांत, लिम्फ ऊतींच्या पुंजक्यांमुळे अत्यंत बारीक, एकसारखे विखुरलेले काळसर ठिपके दिसू शकतात. मूल ठणठणीत असेल, ठिपके सर्वत्र सारखे असतील आणि रक्त सामान्य असेल तर त्यांना रोग म्हणू नये. गळवांचे ठिपके मात्र आकाराने असमान, विस्कळीत आणि काही ठिकाणी अधिक दाट असतात.

हायलमपाशी असलेली १-२ सेंटिमीटरची गोल, प्लीहेसारख्याच पोताची गाठ बहुधा उपप्लीहा असते. तिच्यात हायलमकडून येणारी रक्तवाहिनी दाखवता आली की विषय संपतो. प्लीहेच्या वरच्या कडेवरील जन्मजात खाच अपघाताच्या मुलात फाटल्यासारखी दिसते, परंतु खाचेच्या कडा गुळगुळीत व गोलाकार असतात आणि भोवती रक्त साचलेले नसते. यकृताचा डावा भाग काही मुलांत डावीकडे लांबवर जाऊन प्लीहेवर टेकतो आणि भोवती रक्त साचल्याचा आभास निर्माण करतो. त्यात यकृताच्या वाहिन्या दिसतात आणि श्वासाबरोबर तो प्लीहेवरून सरकतो. भरलेले जठरही गाठीचे सोंग घेते. मुलाला पाणी पाजून पुन्हा पाहावे.

डागाचे वाचन

पाण्याने भरलेला, पातळ भिंतीचा एकच डाग असेल तर मुलांत जन्मजात एपिडर्मॉइड सिस्टचा (त्वचेसारखे अस्तर असलेल्या द्रवपिशवीचा) विचार प्रथम करावा. आत कोलेस्टेरॉलच्या कणांमुळे बारीक उजळ ठिपके तरंगतात आणि त्यामुळे तिला गळू समजण्याची चूक होते. मूल तापाने आजारी नसेल तर तो धोका टळतो. मार लागल्यानंतर रक्त शोषले जाऊन उरलेली सिस्ट तशीच दिसते, पण तिच्या भिंतीत अनेकदा चुना साचतो. हायडॅटिड (फीतकृमीच्या अळीची) सिस्ट प्लीहेत विरळ आहे; मात्र आत सुटलेला पडदा किंवा पिल्लू-सिस्ट दिसल्यास सुई टोचण्याचा विचार तत्काळ सोडावा आणि यकृत व छाती तपासावी. कॅप्सूलखाली (प्लीहेच्या बाहेरील आवरणाखाली), अनेक पातळ पडद्यांनी विभागलेल्या पाणीदार कप्प्यांचा पुंजका लिम्फॅन्जिओमाकडे (लसिकावाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीकडे) बोट दाखवतो. नवजात बाळाच्या प्लीहेतील छोटी साधी सिस्ट अनेकदा कालांतराने लहान होते, म्हणून तिथे धीर धरणे हाच उपचार असतो.

संसर्गाचा भाग गोव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एकच मोठे, जाड व वेड्यावाकड्या भिंतीचे, आत गढूळ द्रव असलेले गळू बहुधा जिवाणूंचे असते. आपल्याकडे टायफॉइडची आठवण अशा वेळी ठेवावी आणि हृदयाच्या झडपांवरील संसर्गाचा शोध म्हणून इकोकार्डिओग्राफी सुचवावी. अनेक लहान गळवे असतील तर क्षयरोग, बुरशी, मांजराच्या ओरखड्यातून होणारा बार्टोनेलाचा संसर्ग आणि मेलिऑयडोसिस या चौघांचा विचार एकत्र करावा. क्षयरोगात पोटातील लसिका ग्रंथी वाढलेल्या आणि मध्यभागी काळसर झालेल्या सापडतात, आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत जाड असते, आणि छातीचा एक्स-रे पुढचे काम करतो. बुरशीची गळवे पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलांत होतात, परंतु पेशी पुन्हा वाढू लागल्यावरच ती पडद्यावर स्पष्ट होतात. म्हणून पेशी कमी असतानाची सोनोग्राफी सामान्य आली तरी ताप टिकल्यास ती पेशी सावरल्यावर पुन्हा करावी. काळ्या वर्तुळात उजळ केंद्र, असे चाकासारखे रूप दिसले तर बुरशीची शक्यता बळावते.

मेलिऑयडोसिस हा ओल्या मातीतून व पाण्यातून येणारा जिवाणूसंसर्ग असून आपल्या दक्षिणेला उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीवर तो चांगलाच परिचित आहे, आणि पावसाळ्यात त्याचे रुग्ण वाढतात. शेतात, चिखलात खेळणाऱ्या मुलाच्या प्लीहेत व यकृतात मधाच्या पोळ्यासारखे कप्प्याकप्प्यांचे गळू दिसल्यास रेडिओलॉजिस्टने अहवालात हा शब्द लिहावा आणि प्रयोगशाळेलाही फोन करून सांगावे, कारण संवर्धनात हा जिवाणू सहज दुसऱ्याच स्यूडोमोनास जातीचा समजून सोडला जातो. उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि नेहमीची अनेक प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत, म्हणून हा एक शब्द मुलाच्या दृष्टीने मोलाचा ठरतो.

कडेला टेकलेला, पाचरीच्या आकाराचा काळसर भाग इन्फार्क्टचा (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतीचा) असतो आणि त्यात डॉपलर प्रवाह दिसत नाही. सिकलसेल, रक्ताचा कर्करोग, तीव्र मलेरिया आणि देठाला पीळ बसलेली भटकी प्लीहा ही त्याची कारणे. शेवटच्या प्रकारात प्लीहा आपल्या जागी नसते, खाली ओटीपोटाकडे सापडते, आणि तेथे तासाभराचाही विलंब परवडत नाही.

मोठ्या प्लीहेत अनेक बारीक उजळ ठिपके दिसले तर पोर्टल शिरेकडे वळावे. भारतीय मुलांत पोर्टल दाब वाढण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे यकृताबाहेर पोर्टल शीर बंद पडणे. तिच्या जागी वेड्यावाकड्या वाहिन्यांचे जाळे सापडते आणि प्लीहेतील ठिपके हे जुन्या सूक्ष्म रक्तस्रावातील लोहाचे असतात. रक्ताची उलटी झालेल्या मुलात हे एक निरीक्षण पुढच्या कितीतरी तपासण्या वाचवते. गोशे या पेशींत चरबी साठण्याच्या आनुवंशिक आजारातही अवाढव्य प्लीहेत काळसर किंवा उजळ गाठी असतात, आणि त्यांचे निदान प्रतिमेने नव्हे तर एन्झाइमच्या चाचणीने होते.

घन गाठींमध्ये हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) आणि हॅमार्टोमा (प्लीहेच्याच ऊतीची गाठ) या निरुपद्रवी गाठी प्रामुख्याने आढळतात. हॅमार्टोमा सुस्पष्ट कडेचा आणि डॉपलरवर रक्तवाहिन्यांनी समृद्ध असतो. मुलांत इतर अवयवांचा कर्करोग प्लीहेत पसरणे फार विरळ आहे. घातक विकृतींत लिम्फोमा आणि ल्युकेमिया हेच पुढे असतात. लिम्फोमात प्लीहेचा आकार सामान्य असूनही आत रोग असू शकतो आणि आकार वाढूनही रोग नसू शकतो, म्हणून केवळ सेंटिमीटरवर भरवसा ठेवू नये.

मार लागलेले मूल

येथे सोनोग्राफीची भूमिका बदलते. पोटात रक्त आहे की नाही हे पटकन पाहण्यासाठी ती उपयोगी, परंतु रक्त दिसले नाही म्हणून प्लीहा शाबूत आहे असे म्हणता येत नाही. नाडी व रक्तदाब स्थिर असलेल्या, पण इजेचा ठाम संशय असलेल्या मुलाची कॉन्ट्रास्ट (अवयव उजळ दाखवणारे, शिरेतून दिलेले औषध) देऊन सीटी करावी. अस्थिर मुलाला सीटीच्या टेबलावर नेऊ नये. २०१८ मध्ये सुधारलेल्या अमेरिकन श्रेणीकरणात १ सेंटिमीटरपेक्षा कमी खोल फाट पहिल्या श्रेणीत, १ ते ३ सेंटिमीटर दुसऱ्या आणि ३ सेंटिमीटरपेक्षा अधिक तिसऱ्या श्रेणीत येते; कॅप्सूलच्या आत मर्यादित असलेला सक्रिय रक्तस्राव किंवा वाहिनीची इजा चौथ्या, आणि कॅप्सूल ओलांडून पोटात होणारा रक्तस्राव किंवा चुराडा झालेली प्लीहा पाचव्या श्रेणीत. श्रेणी लिहावी, पण शस्त्रक्रियेचा निर्णय श्रेणीवर नव्हे तर मुलाच्या रक्ताभिसरणावर होतो, आणि बहुसंख्य मुलांची प्लीहा न कापता बरी होते. प्लीहा काढलेल्या मुलाला न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचा जीवघेणा संसर्ग आयुष्यभर संभवतो, म्हणून ती वाचवण्याचा एवढा अट्टहास असतो. लक्षणे नसताना नेमाने पुन्हा सीटी करण्याची आवश्यकता नाही.

सीटी करायचीच असेल तर

अपघात, सोनोग्राफीत न उलगडणारे गंभीर आजारपण, गळवाचा निचरा करण्यापूर्वीचे नियोजन आणि तातडीने एमआरआय न मिळणे, ही सीटीची योग्य कारणे आहेत. वजनानुसार ८० ते १०० किलोव्होल्ट, १.५ ते २ मिलिलिटर प्रति किलो नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट आणि एकच फेज (स्कॅनची एकच फेरी), एवढे बहुतेक मुलांना पुरते. कॉन्ट्रास्टशिवायची फेरी आणि उशिराची फेरी सवयीने जोडली की किरणोत्सर्ग दुप्पट-तिप्पट होतो, हाती मात्र नवे काही लागत नाही. कॉन्ट्रास्ट दिल्यावर घाईने, २५-३० सेकंदांवर घेतलेल्या छेदात सामान्य प्लीहा झेब्र्यासारखी पट्टेदार दिसते आणि नवख्याला तीत गाठी व फाटी भासतात. ६० ते ७० सेकंदांवर ती एकसारखी होते. अहवाल नेहमी या दुसऱ्या वेळच्या छेदांवरून द्यावा.

एमआरआय आणि त्यापलीकडे

ज्या मुलाला पुन्हापुन्हा तपासावे लागणार आहे, किंवा जिथे वाहिन्यांची गाठ, लिम्फॅन्जिओमा आणि घन गाठ यांत भेद करायचा आहे, तिथे एमआरआय श्रेयस्कर. नवजात बाळाची प्लीहा टी-२ (द्रव उजळ दाखवणाऱ्या) प्रतिमेत यकृतापेक्षा काळसर असू शकते आणि सुमारे ८ महिन्यांनंतर ती मोठ्यांसारखी उजळ होते, हे माहीत नसल्यास सामान्य बाळात रोग दिसतो. डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या) प्रतिमेत सामान्य प्लीहा मुळातच चमकते, त्यामुळे चमक हा गळवाचा किंवा कर्करोगाचा पुरावा मानू नये. वारंवार रक्त दिलेल्या थॅलेसिमियाच्या मुलात लोहामुळे संपूर्ण प्लीहा काळी पडते आणि साधी गाठही तीत उठून दिसते.

काही महिन्यांच्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून झोपेतच एमआरआय करता येतो. मोठ्या बाळाला भूल द्यायची झाल्यास घन अन्न व पावडरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) येण्यासाठी वाळपई किंवा काणकोणहून पहाटे निघणाऱ्या पालकांना ही वेळ आदल्या दिवशी कागदावर लिहून द्यावी, कारण वाटेत बाळाला पाजले गेले की त्या दिवसाची तपासणी रद्द होते.

सूक्ष्म बुडबुड्यांच्या कॉन्ट्रास्टची सोनोग्राफी ही किरणोत्सर्ग नसलेली चांगली पद्धत आहे, पण ती मोजक्या ठिकाणीच होते. उष्णतेने इजा केलेल्या लाल पेशींचा टेक्नेशियम स्कॅन उपप्लीहा किंवा विखुरलेली प्लीहाऊती ओळखण्यासाठी, तर पेट-सीटी लिम्फोमाची व्याप्ती ठरवण्यासाठी राखून ठेवावी. सुईने नमुना घेणे अनुभवी हातांत, बारीक सुईने आणि प्लेटलेट व गोठण्याच्या चाचण्या पाहून करता येते. तरीही मानेतील ग्रंथी, अस्थिमज्जा किंवा रक्तसंवर्धन यांतून उत्तर मिळण्याची शक्यता असेल तर आधी तिकडे जावे.

अहवाल आणि पाठपुरावा

अहवालात डागांची संख्या, सर्वांत मोठ्याचे माप, जागा, भिंत, आतील स्वरूप, डॉपलर प्रवाह, प्लीहेची लांबी, पोर्टल शीर, यकृत, लसिका ग्रंथी आणि पोटातील द्रव यांचा उल्लेख असावा. त्याखाली सहा-सात रोगांची यादी लिहिणे म्हणजे निर्णय दुसऱ्यावर ढकलणे होय. शक्यतेच्या क्रमाने दोन किंवा तीन नावे आणि पुढची एक नेमकी तपासणी लिहावी. लक्षणरहित, साध्या सिस्टला ६ महिने ते वर्षाने पुन्हा सोनोग्राफी पुरते. ती ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली, दुखू लागली किंवा झपाट्याने वाढली तर बालशल्यचिकित्सकाचे मत घ्यावे. उपचार चालू असलेली गळवे एक-दोन आठवड्यांनी त्याच प्रोबने, त्याच मांडणीने पाहावीत, आणि क्षयरोगाचे डाग औषध सुरू होऊनही काही काळ दिसत राहतात, हे पालकांना आधीच सांगावे.

मुलाला गोमेकॉत पाठवताना केवळ छापील अहवाल न देता प्रतिमांची सीडी, रक्ताचे सर्व कागद आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्यविमा योजनेचे कार्ड असल्यास तेही बरोबर द्यावे. पत्रावर बालरोग विभागाला उद्देशून कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे एका वाक्यात लिहावे: उदाहरणार्थ, ‘तीन आठवडे ताप, प्लीहेत अनेक बारीक गळवे, छातीचा एक्स-रे सामान्य, क्षयरोग की मेलिऑयडोसिस हे ठरवण्यासाठी रक्तसंवर्धन व ग्रंथीतून नमुना घ्यावा.’